गुंता खाली, दुखणं वर

"खालून गुंता होतोय." शिलाई मशीनबद्दल मला जे निरोप येतात, त्यांत सगळ्यात जास्त वेळा येणारा हा. सोबत फोटो असतो: कापडाची उलटी बाजू, दोऱ्याचं जंजाळ आणि कधीकधी त्यात रुतून बसलेली बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची चकरी (बॉबिन) जिच्यात बसते ती डबी. निदानही सोबतच येतं, "बॉबिन गेली वाटतं." पुष्कळदा तर नवी बॉबिन आणूनही झालेली असते. गुंता खाली दिसतोय तर दोष खालीच असणार, असं कुणालाही वाटेल. शिलाई मशीनच्या बाबतीत मात्र ते बहुतेक वेळा उलटं निघतं. खाली गुंता झाला की वर बघायचं. आणि कापडाच्या वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्याठिपक्यांनी ओढून आलेला दिसला, तर वरचा ताण फार झालाय किंवा बॉबिनचा फार सैल पडलाय.

हे एकदा कळलं की निम्म्या तक्रारी घरातच मिटतात. ते का कळत नाही, याचं उत्तर मला मशीनपेक्षा आपल्या घरांत जास्त सापडलं. त्याकडे येईनच.

मी शिंपीण नाही, मेकॅनिक तर नाहीच. ठाण्यात चरईत राहते, नोकरी बँकेत झाली, शिवण घरापुरतं. उशांचे अभ्रे, पडदे, गाऊन, साडीला फॉल. मशीनची डागडुजी करायला लागले ती मार्च २०२० नंतर. मास्क मिळेनात तेव्हा आमच्या आणि आजूबाजूच्या इमारतींत माळ्यांवरून मशिनी खाली उतरल्या. कुणाच्या सासूबाईंची पायमशीन, कुणाच्या लग्नात माहेराहून आलेली, कुणी हौसेनं घेऊन दोन पडद्यांनंतर कपाटात ढकललेली. सगळ्या एकदम सुरू झाल्या आणि एकदमच अडल्या. दुकानं बंद, कारागीर येऊ शकत नव्हता. मग व्हिडिओ कॉलवर "ताई, जरा बघता का" सुरू झालं. मी बघत असे आणि सांगत असे, "आधी चाक हातानं फिरवा. तुमच्याकडे. पलीकडे नाही, तुमच्याकडे." पायमशीनचं चाक सुरुवातीलाच उलटं गेलं तरी दोरा गुंततो किंवा तुटतो. सवय मोडलेल्या बायकांचं पहिलं अडखळणं तिथेच होतं.

गुंता वरून का होतो हे समजायला टाका कसा पडतो ते एकदा सावकाश बघावं. बॉबिनवरचं झाकण सरकवायचं आणि चाक हातानं, अगदी हळू फिरवायचं. हातशिवणीच्या सुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं पुढच्या टोकाशी. सुई कापडातून पार खाली जाते आणि दोनेक मिलिमीटर परत वर उचलते. कापड दोऱ्याला धरून असतं, त्यामुळे सुईच्या एका अंगाला दोऱ्याचा एक छोटा फासा फुगतो. बरोबर त्याच क्षणी शटलचं, म्हणजे बॉबिन केसभोवतीच्या आकडीचं, अणकुचीदार टोक त्या फाशात शिरतं, त्याला ओढून मोठं करतं आणि अख्ख्या बॉबिन केसभोवती फिरवून आणतं. म्हणजे खालचा दोरा वरच्याच्या कवेत येतो. तोवर मशीनच्या तोंडाशी असलेली भोकाची दांडी वर उठते आणि सैल पडलेला दोरा वर ओढून घेते. दोन्ही दोऱ्यांची मिठी कापडाच्या जाडीत मधोमध बसते. हा एक टाका. बाई भरात असेल तर मिनिटाला शेकड्यांनी असे टाके पडतात.

आता समजा, वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे त्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्यांच्या मध्ये बसलेलाच नाही, नुसता त्यांच्यावरून गेलाय. दांडी वर उठते आणि दोरा ओढते, पण रिळाकडून येणारा दोरा मोकळाच असल्यामुळे ती तिकडचाच घेते. खालचा सैल फासा खालीच राहतो. पुढच्या टाक्याला आणखी एक, त्याच्या पुढे आणखी एक. तेच फोटोतलं जंजाळ. बॉबिन बिचारी जागच्या जागी असते.

आणि दोरा चकत्यांत का बसत नाही? बहुतेक वेळा कापड दाबून धरणारं प्रेसर फूट खाली असताना ओवल्यामुळे. फूट खाली असलं की चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. ते वर उचललं की त्या उघडतात आणि दोरा आत जातो. म्हणून माझं पहिलं सांगणं कायम एकच: फूट वर करा, वरचा दोरा पूर्ण काढून टाका, रिळापासून पुन्हा ओवा. "मी बरोबरच ओवलाय" असं उत्तर येतं. असेल. तरी पुन्हा ओवा. टाका घालताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेवा, निदान पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत.

नेढं टोकाशी आणण्याची ही कल्पना एका माणसाची नव्हे. पण अशी सुई आणि कापडाच्या दुसऱ्या बाजूनं येणारं-जाणारं शटल यांची जोडी अमेरिकेत एलायस होव यानं १८४६ साली पेटंट करून घेतली. ज्याचं नाव घराघरांत पोचलं त्या आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. होवनं खटला भरला, जिंकला, आणि सिंगरला त्याला पैसे मोजावे लागले. यंत्रांविषयी एवढं कडक बोलणारे गांधीजीसुद्धा सिंगरच्या शिलाई मशीनला अपवाद करायला तयार होते. १९२४ साली त्यांनी तसं सांगितलं आणि बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून सिंगरनं ते प्रेमापोटी केलं, असं कारण दिलं. खऱ्या सिंगरसाहेबांचा संसार, किंवा अनेक संसार म्हणू, वाचला तर हे कारण फार टिकत नाही. अपवाद मात्र मला पटतो.

गुंत्यानंतरची तक्रार म्हणजे टाके सुटणं. टीप मारली की मध्येच दोन-तीन टाके गायब, मग पुन्हा बरे. इथे मी सुईशिवाय काही विचारत नाही. सुई कधी बदलली? "अहो, आत्ताच. दिवाळीला." कुठल्या, ते मी विचारत नाही. मशीनबरोबर येणाऱ्या पुस्तिकांत साधारण आठ तासांच्या शिवणानंतर सुई बदलावी असं असतं. आपल्याकडे सुई मोडेपर्यंत चालते. मोडत नाही तोवर ती चांगली, असाच हिशोब. बोथट सुई कापडात शिरताना टप्प टप्प आवाज करते, तो कान दिला तर कळतो. वाकलेली सुई डोळ्यांना दिसतेच असं नाही. तिची चपटी बाजू सपाट काचेवर ठेवा आणि फट टोकापर्यंत सारखी आहे का बघा. कमीजास्त असेल तर ती सुई शटलच्या टोकापासून केसभर लांब किंवा जवळ जाते, आणि तेवढं केसभर पुरतं. फासा फुगतो, शटल येतं आणि त्याला न पकडता निघून जातं.

सुई नवी असूनही टाके सुटत असतील तर ती पालथी बसलेली असते, नाहीतर पूर्ण वर गेलेली नसते. ज्या बाजूनं दोरा ओवायचा त्या बाजूला सुईची लांब खाच यायला हवी आणि चपटी बाजू बरोबर उलट दिशेला. नव्या पांढऱ्या मशिनींत चपटी बाजू मागे जाते, जुन्या काळ्या मशिनींत बाजूला. लांब खाच कुठे हे बघायचं म्हणजे दोन्हींत चुकत नाही.

आणि नंबर. १४ नंबरची सुई म्हणजे जाडी ०.९० मिलिमीटर, पाकिटावर १४ सोबत ९० लिहिलेलं असतं ते हेच. ब्लाउजचं टू बाय टू, रुबिया, पॉपलिन याला ती ठीक. व्हॉइल, जॉर्जेटला ११. जीन्स, जाड सुटिंगला १६ किंवा १८. टीशर्टच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची वेगळी सुई लागते. साध्या सुईनं तिथे टाके सुटणारच, कितीही देव पाण्यात ठेवा. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ट्रंकेतून सुटिंगचा एक कटपीस काढला होता. काका पोखरण रोडच्या रेमंडच्या गिरणीत होते. १९२५ साली सुरू झालेली ती गिरणी बंद पडून बरीच वर्षं झाली, तिच्या जागेत आता टॉवर आहेत, पण ठाण्यातल्या जुन्या ट्रंकांमध्ये तिचं कापड अजून निघतं. काकूंना त्यातून नातवाला जाकीट शिवायचं होतं आणि मशीन दोन पदरांवर टाकाच धरेना. त्या मशीन विकायला निघाल्या होत्या. सुई ११ ची होती. १६ ची घातली, टाका जरा मोठा केला, जाकीट झालं. खांद्यात थोडं घट्ट झालं, पण त्याला मशीन काय करणार?

चाक फिरतंय, मोटर फिरतेय आणि सुई ढिम्म हलत नाही, ही तक्रार ऐकताना फार गंभीर वाटते. घरात धावपळ होते. कुणीतरी बॉबिन भरताना चाकाच्या मधलं गोल नट सैल केलेलं असतं, सुई थांबून नुसती बॉबिन फिरावी म्हणून, आणि मग ते परत आवळायचं राहिलेलं असतं. आवळलं की सुरू. बॉबिनच भरत नसेल तर भरायच्या यंत्राच्या रबरी चकतीकडे बघा. ती वर्षांनी कडक आणि गुळगुळीत होते आणि चाकावर नुसती घसरते. नवी चकती मिळते, अगदी किरकोळ पैशांत.

वरचा दोरा सारखा तुटत असेल तर मशीनच्या आधी रीळ तपासावं. आईच्या डब्यातलं सुती रीळ कितीही जिव्हाळ्याचं असलं तरी हातानं झटका दिल्यावर दोरा तुटला तर ते शिवायच्या कामाचं नाही. रिळाच्या कडेला दोऱ्याचं टोक अडकवायची खाच असते. शिवताना दोरा त्या खाचेत अडकतो आणि तुटतो. रीळ उलटं घातलं की प्रश्न मिटतो. इतकं क्षुल्लक.

कापड पुढे सरकत नसेल तर मात्र मला बरं वाटतं, कारण मग सुईखालची पोलादी पट्टी उघडायला मिळते. दोन स्क्रू असतात. आधी प्लग काढायचा, सुई काढायची, मग पट्टी. खाली कापड ढकलणारे दात दिसतात, आणि दातांच्या मध्ये वर्षानुवर्षांचा कापूस दाबून दाबून नमद्यासारखा झालेला असतो. दात त्यात बुडालेले. ते वर येऊन कापडाला पकडणार कसे? टाचणीनं किंवा जुन्या टूथब्रशनं तो थर उचलायचा. फुंकर मारायची नाही, कचरा आत जातो आणि तोंडाची वाफही. मास्कच्या दिवसांत मी लोकांकडून हे फोनवर करून घेतलं, तेव्हा काय काय निघालं: सुयांची मोडकी टोकं, टाचण्या, ब्लाउजच्या टिकल्या, जरीचे तुकडे, एका ठिकाणी दुधाचा दात. (तो कसा गेला याचा त्या घरात अजून वाद आहे.) हे सगळं करण्याआधी टाक्याचा खटका शून्यावर नाही ना, एवढं बघून घ्यावं. शून्यावर असेल तर कापड जागेवरच उभं राहणार.

आता तेल. मराठी घरात मशीन कुरकुरलं की पहिला हात खोबरेल तेलाच्या बाटलीकडे जातो. ते त्या दिवशी चालतंही. पण खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि वर्षानुवर्षं आत राहिलं की धुळीशी मिळून चिकट होतं. जुनं मशीन "जाम" झालं म्हणतात ते अनेकदा गंजानं नसतं, अशा तेलानं असतं. कारागीर त्यात रॉकेल सोडून चाक पुढेमागे फिरवत, काळा रस पुसून काढत आणि मग मशीनचं पातळ तेल घालत. रॉकेल आता सहज मिळत नाही; मिळालं तर खिडक्या उघड्या, प्लग बाहेर आणि आसपास काही पेटतं नको. तेल एका छिद्राला एक थेंब. मग दोरा न ओवता थोडं चालवायचं, नंतर फडक्यावर टिपा मारायच्या, म्हणजे पहिला डाग नव्या ब्लाउजवर पडत नाही. प्लॅस्टिक अंगाच्या नव्या मशिनीत मात्र पुस्तिकेत दाखवलं असेल तिथेच, आणि दाखवलं नसेल तर नाही.

ठाण्याचा पावसाळा हे वेगळंच प्रकरण. खाडी जवळ, हवा ओली. पायमशीनचा चामडी पट्टा दमटपणानं लांबतो आणि चाकावरून घसरतो. सांध्याची तार काढून थोडा कापायचा, नवं भोक पाडायचं, तार परत वळवायची. फार कापला तर पायांना जड जातं. सुट्या सुया गंजतात, आणि गंजलेली सुई कापडाला तपकिरी ठिपका देते, तो निघत नाही. जून ते सप्टेंबर मशीन वापरत नसलात तरी आठवड्याला एकदा चार टिपा मारून ठेवाव्यात, फुटाखाली फडकं ठेवून.

मोटर बसवलेलं मशीन नुसतं घूं करतंय आणि फिरत नाही, तर पायडल दाबत राहू नका. आत काही अडकलंय आणि मोटर जळायच्या वाटेवर आहे. प्लग काढा, चाक हातानं फिरतंय का बघा.

स्क्रूचं मुद्दाम शेवटी ठेवलंय. बॉबिन केसवर एक बारीक स्क्रू असतो आणि तो हाताला फार बोलावतो. बिघाड कुठलाही असो, घरातला पुरुष पेचकस घेऊन आधी तिथेच पोचतो. त्याची परीक्षा सोपी आहे: भरलेली केस दोऱ्याला धरून हवेत लोंबकळत ठेवा. आपोआप घसरून खाली आली तर सैल. हलका झटका दिल्यावर थोडीशी उतरून थांबली तर उत्तम. झटका देऊनही हलली नाही तर घट्ट. फिरवायचाच तर पाव आटा, त्याहून कमी. आणि ओवणं, सुई, कचरा हे सगळं होईस्तोवर अजिबात नाही. एकदा का वरचं टेन्शनही फिरवलं आणि खालचंही, की मूळ कुठे होतं हे मग कुणालाच सांगता येत नाही.

वर म्हटलं तसं, आता घरांविषयी. ज्या बायकांनी आयुष्यभर मशीन चालवलं त्यांनाही हे माहीत नसावं याचं मला आधी नवल वाटे. शिवण क्लासला आम्ही सगळ्याच गेलो. खाकी कागदावर ड्राफ्टिंग, वहीत चिकटवलेले छोटे झबले, गळ्यांचे प्रकार, बाहीचा घोळ. सुईखालची पट्टी कुणी उघडून दाखवली नाही. घरी तर "हात लावू नकोस, बिघडेल" हीच शिकवण. ब्लाउज शिवून, फॉल-बिडिंग करून मुलांच्या फिया भरणाऱ्या बाईच्या हातात मशीनचा सगळा संसार असे, पण पेचकस नसे. तो कारागीर आल्यावर निघे.

आणि आपल्याकडे शिलाई मशीनवाटप हा तर नेहमीचा सोहळा. मंडप, हार, रांगेत मांडलेल्या मशिनी, प्रत्येकीबरोबर फोटो. टीका म्हणून नाही सांगत. मशीन मिळणं ही मोठी गोष्ट आहे. २०२३ साली सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांमध्ये शिंपीकामही आहे, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आहे आणि सोबत प्रशिक्षणही आहे. माझं म्हणणं एवढंच की मंडपातल्या वाटपात भाषणांतली दहा मिनिटं कमी करून कुणीतरी सुई कशी बदलायची आणि दात कसे साफ करायचे ते करून दाखवावं. मशीन घरी जाऊन पडून राहतं ते पुष्कळदा एका गुंत्यामुळे. कारागिराला बोलवायचं तर दिवसाच्या कमाईचा प्रश्न, म्हणून ते उद्यावर जातं, मग माळ्यावर.

कारागिरांविषयी मला राग नाही. सुई बदलून पैसे घेतले म्हणून त्यांना नावं ठेवणारी माणसं मला पटत नाहीत. तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढून येण्याचे ते पैसे असतात. एकानं सर्व्हिसिंगच्या नावावर माझ्या मशीनचे होते नव्हते ते स्क्रू फिरवून ठेवले होते, हेही खरं. पण सुईची दांडी खाली सरकली असेल, शटल आणि सुई यांची वेळ चुकली असेल, शटलचं टोक झिजलं असेल, तर ते काम त्यांचंच. सुई नवी, ओवणं बरोबर, कचरा साफ आणि तरीही एकही टाका पडत नाही, अशा वेळी मी लोकांना सरळ सांगते की कारागिराला बोलवा. तो आला की शेजारी बसा. काय करतो ते विचारा. बरेचजण आनंदानं सांगतात, विचारणारं कुणी नसतं म्हणून बोलत नाहीत.

सुया आणायला जांभळी नाक्याकडे जाल तेव्हा जुनी सुई कागदात गुंडाळून बरोबर न्या. "मशीनची सुई द्या" एवढंच सांगितलं तर कारखान्याच्या मशीनची, गोल दांड्याची सुईही हातात पडू शकते. ती घरच्या मशिनीला बसल्यासारखी वाटते, पण शिवत नाही. घरच्या सुईच्या दांड्याला एक बाजू चपटी असते; बोट फिरवून ती बघा आणि मगच पैसे द्या. दुकानदार गर्दीत वैतागेल, "बाई, सुईच आहे, सोनं नाही." वैतागू दे.